पाच मात्रांचे दान

गिऱ्हाईक आहे की नाही हे पाहूनच पेढी माल भरते. 1959 साली कोलंबिया या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीच्या विक्री विभागानेही हाच विचार केला. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांना ‘टाइम आउट’ ही ध्वनिमुद्रिका काढावयाची होती. तिच्यातील सातही रचना नव्या, ओळखीची चाल एकही नाही. आणि ताल असे, की त्यांवर नाचणे कठीण. कंपनीचे अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन मात्र पाठीशी राहिले. तोडगा निघाला तो व्यापारी पद्धतीचाच : ब्रूबेक यांनी आधी परिचित गीतांची एक ध्वनिमुद्रिका करून द्यावी.

त्या काळी जॅझ बहुधा चार मात्रांत चाले. 1958 साली अमेरिकी शासनाच्या वतीने केलेल्या दौऱ्यात ब्रूबेक तुर्कस्तानात व भारतातही आले होते. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह त्यांचे वादन झाले. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेला दोन-दोन-दोन-तीन असा नऊ मात्रांचा ताल त्यांनी ‘ब्लू रोंडो अ ला टर्क’मध्ये गुंफला. सर्वांत गाजली ती पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’. ती तेवढी ब्रूबेक यांची नव्हे. त्यांचे सॅक्सोफोनवादक सहकारी पॉल डेस्मंड यांची. झपतालात दोन-तीन मोजणाऱ्या कानाला तिचे तीन-दोन परके वाटत नाही. 1961 साली ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या यादीत दुसऱ्या स्थानी पोहोचली.

तथापि, लाभाहून मोठी गोष्ट पुढेच आहे. 1960 साली दक्षिणेकडील अनेक महाविद्यालयांनी अट घातली, की कृष्णवर्णीय बासवादक यूजीन राइट यांच्या जागी गोरा वादक आणावा. ब्रूबेक यांनी ती मानली नाही आणि त्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रमांवर पाणी सोडले. डेस्मंड 1977 साली निवर्तले. आपल्या रचनांचे स्वामित्वधन त्यांनी मृत्युपत्राने अमेरिकन रेडक्रॉस संस्थेला दिले. ‘टेक फाइव्ह’च्या उत्पन्नातील त्यांचा वाटा आजही आपद्ग्रस्तांच्या कामी येतो.

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. श्रावकाने धन न्यायाने मिळवावे व त्याचा परिग्रह आवरावा, हीही शिकवण आहे. दूरदेशीच्या या दोन कलावंतांनी ती ऐकली नसेल. एकाने अन्यायाची कमाई नाकारली, दुसऱ्याने न्यायाची कमाई वाटून टाकली. आपल्या चोपडीत नफा मांडताना हे दोन्ही रकाने आठवावेत.