मूळव्याध : दोष तांबड्या रश्श्याचा?

कोल्हापुरात कुणाला मूळव्याध झाली, की सारा ठपका तांबड्या रश्श्यावर येतो. खरे कारण मात्र शरीररचनेत आहे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्या व स्नायुतंतू यांच्या साधारणतः तीन मऊ उशा प्रत्येकाला जन्मतःच असतात. द्वार घट्ट मिटलेले ठेवण्यास त्या मदत करतात. या उशा खाली सरकणे म्हणजेच मूळव्याध, असे ब्रिटिश शल्यविशारद थॉमसन यांनी १९७५ साली मांडले.

त्या का सरकतात? आहारात चोथा कमी असला, की मल कठीण होतो व कुंथावे लागते. पोटातील दाब वाढतो, शिरांत रक्त तुंबते, उशा फुगतात आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू हळूहळू तुटतात. गरोदरपण व वाढते वय यांनीही हे घडते.

मग मिरची? २००६ साली इटलीत रुग्णांना एकदा मिरचीपुडीची व एकदा बिनमिरचीची कॅप्सूल देऊन पाहिली; त्रासात फरक आढळला नाही.

तेव्हा रश्श्याबरोबर ज्वारीची भाकरी, पालेभाजी व भरपूर पाणी घ्यावे. शौचावाटे रक्त पडल्यास मात्र लाजून लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे. असे रक्त दरवेळी मूळव्याधीचेच असते असे नाही.