पैनगंगेच्या डोहातील पुराणपुरुष

देवळाच्या सभामंडपात शिरताना जमिनीत बसविलेल्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळी नेण्याची आपली रीत आहे. कूर्मावताराची कथाही सर्वांस ठाऊक आहे. पण पाठीवर मंदर पर्वत तोलणाऱ्या या प्राण्याने काळाचे जे ओझे वाहिले आहे, त्याची कथा फारशी कोणी सांगत नाही. ती ऐकण्यासाठी किनवटकरांना दूर जावयास नको. पैनगंगेच्या डोहात मऊ कातडीच्या पाठीचे जे कासव श्वासापुरते नाक वर काढते, त्याचे घराणे आपल्या डोंगरांहून जुने आहे.

ही अतिशयोक्ती नव्हे. आपल्याकडील काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून हा रस थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचे पठार घडले. मऊ पाठीच्या कासवांचे कुळ तर १० कोटी वर्षांहून जुने. म्हणजे डोंगर मागाहून आले, कासव आधीच होते!

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते. त्याच वर्धेच्या खोऱ्यात, वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील मातीत महाकाय डायनोसॉरांची हाडे सापडली. इतकेच काय, त्या काळच्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठाही सापडली. आणि त्याच थरात कासवाचे अवशेष आहेत. एकाच चिखलात दोघे पुरले गेले. त्यांतील एकाचा वंश बुडाला (पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज, ते सोडून). दुसऱ्याचे भाऊबंद आजही डोहात पोहत आहेत.

असे का व्हावे? त्याच सुमारास आजच्या मेक्सिकोत एक प्रचंड अशनी आदळला. धुळीने सूर्य झाकोळला, वनस्पती मेल्या, त्यांवर जगणारे उपाशी मेले. मात्र नदीतल्या प्राण्यांना कुजक्या पाल्यापाचोळ्यावर व त्यातील किडामुंगीवर भागविता आले. शिवाय कासवाचा प्रपंच मुळात काटकसरीचा. त्याला अंगाची ऊब अन्न जाळून राखावी लागत नाही, म्हणून दीर्घ उपवास सोसतो. डोह आटले की आपले हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाळ्याची वाट पाहत पडून राहते. ज्या युक्तीने ते उन्हाळा काढते, तिच्याच बळावर त्याच्या पूर्वजांनी तो प्रलय काढला असावा.

असल्या प्राण्यांना डार्विनने १८५९ मध्ये ‘जिवंत जीवाश्म’ म्हटले. नाव छान आहे, पण थोडे फसवेही आहे. हे प्राणी बदललेच नाहीत, असे नाही. २००८ मध्ये चीनमधून वर्णिलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाला पोटाखालची ढाल पूर्ण होती. पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या, आणि तोंडात चक्क दात! आजच्या कासवाला दात नाहीत. म्हणजे मूळ बेत कायम, किरकोळ दुरुस्त्या चालूच.

कधीकधी तर मेला म्हणून सोडलेला प्राणी परत भेटतो. सीलाकँथ नावाचा मासा डायनोसॉरांबरोबरच संपला, असे विद्वान मानीत होते. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो जाळ्यात आला. एका लहानशा संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या बाईंनी तो मासळीच्या ढिगातून ओळखून वेगळा काढला. दुसरा मिळावयास १९५२ साल उजाडले.

आपल्या कासवाला मात्र कोणी शोधावयाचे नाही. ते खाणाऱ्याला व विकणाऱ्याला चांगलेच सापडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले आहे. ते धरणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. पण कायद्याने अंड्यांना जागा मिळत नाही. मादी पाण्यात अंडी घालीत नाही. काठच्या वाळूत, मऊ मातीत खड्डा करून घालते आणि निघून जाते. काठ खरवडून वाळू गाडीत भरली, की तिच्याबरोबर तीही गेली. डोह आटल्यावर चिखलात निजलेल्या कासवाला यंत्राचा दात लागला, तर उपवासाची सारी विद्या व्यर्थ.

उन्हाळ्यात गाळ काढताना असे मातीने माखलेले, हालचाल न करणारे कासव मिळाले, तर मेले समजून फेकू नये. ओल्या सावलीत ठेवून वनखात्याला कळवावे. बहुधा ते जिवंतच असते.