कामाचा खुराक आणि शरीराचे वजन

बैल गोठ्यात बसून असला म्हणजे त्याची पेंड कमी करावी आणि नांगरटीचे दिवस जवळ आले म्हणजे ती पुन्हा वाढवावी, हे कोणाही शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. पशुसंवर्धनशास्त्रात याच व्यवहारास निर्वाहाचा खुराक व कामाचा खुराक अशी नावे आहेत. जनावर नुसते उभे असले तरी श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, अंगाची ऊब आणि शरीराची झीज भरून काढणे यांसाठी त्यास काही अन्न लागतेच. तो निर्वाहाचा खुराक होय. त्यावर जेवढे काम घ्यावयाचे त्या मानाने वरचा खुराक द्यावयाचा असतो. मनुष्याच्या शरीरासही हाच नियम लागू आहे; परंतु जनावराच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा शेतकरी स्वतःच्या ताटाकडे मात्र त्या दृष्टीने क्वचितच पाहतो.

खाल्लेल्या अन्नाचे विघटन होऊन त्यापासून ऊर्जा मिळण्याची व शरीराची घडण होण्याची जी क्रिया रात्रंदिवस चालू असते, तिला चयापचय असे म्हणतात. ही ऊर्जा उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातुपापासून सुमारे ९. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा निव्वळ निर्वाहापोटीच खर्ची पडते. हा खर्च सर्वांचा सारखा नसतो. विश्रांतीतही स्नायू चरबीपेक्षा अधिक ऊर्जा वापरतात. त्यामुळे पिळदार अंगाच्या माणसाचा खर्च अधिक असतो आणि वयोमानाने स्नायू झिजू लागले म्हणजे तो उतरतो. "माझी प्रकृतीच स्थूल, खाण्याशी तिचा संबंध नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आनुवंशिकता व थायरॉईड ग्रंथीचे विकार यांचा वजनावर परिणाम होतो हे खरे. पण बहुतेकांच्या बाबतीत कामाच्या खुराकाचा हिशेब चुकलेला असतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास कष्टाचे काम असताना दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात. बैठे काम असताना २,११० पुरतात. फरक १,३६० उष्मांकांचा. ज्वारीच्या ७५ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यापासून सुमारे २५० उष्मांक मिळतात. म्हणजे कष्ट थांबल्यावर जवळजवळ पाच भाकरींचे अन्न शरीरास अनावश्यक होते.

आता शेतावरील काम किती बदलले ते पाहावे. बैलांच्या नांगराचे तास २० सेंटिमीटर रुंदीचे धरले तर एक एकर नांगरण्यासाठी सुमारे २० किलोमीटर चालावे लागते. ट्रॅक्टरने तेच काम बसल्या जागी उरकते. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, जात्याची गिरणीने, आणि बांधापर्यंत जाण्यास मोटारसायकल आली. हे सर्व इष्टच झाले. जात्यावरचे दळण पुन्हा सुरू करावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु हाताने कष्ट करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या ताटाचे माप घरात तसेच राहिले. भूक ही केवळ गरजेवर चालत नाही, सवयीवरही चालते. शिवाय ताटाबाहेरचे खाणे वाढले. दिवसातून सहा कप चहा आणि दर कपात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर धरली तर २४० उष्मांक होतात. हे जवळपास एका भाकरीइतके झाले. मात्र भाकरीतील प्रथिने व कोंडा त्यांत मुळीच नाहीत.

उरलेली ऊर्जा शरीर चरबीच्या रूपाने साठविते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. ही साठवण कातडीखाली असते तोवर तिचा उपद्रव कमी. पोटातील अवयवांभोवती व यकृतात ती वाढू लागली म्हणजे इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि मधुमेह व रक्तदाब यांचा धोका वाढतो. येथे आपल्या लोकांनी विशेष सावध राहण्याचे कारण आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांची व अर्भकांची पाहणी १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. पुण्याची बालके इतकी लहान असूनही स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगावरील चरबी फारशी कमी नव्हती. तात्पर्य, सडपातळ दिसणाऱ्या देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबून चालत नाही. याच पाहणीत असेही आढळले की गरोदरपणी दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके जन्मतः अधिक भरीव होती. घरातील कर्ती बाई सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते, ही आपल्याकडची रीत या दृष्टीने फार महाग पडते. तिचे ताट कमी करण्याचा प्रश्नच नाही; ते आधी वाढले पाहिजे.

वजन उतरविण्यासाठी कडक उपास करणारेही आहेत. अन्न एकाएकी तोडले म्हणजे शरीर आपला खर्च आखडते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजवते. पुढे खाणे पूर्ववत झाले की वजन परत येते, गेलेले स्नायू मात्र तितक्या सहज येत नाहीत. उपासाच्या साबुदाण्याविषयी तर काय सांगावे! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचे कूट व तूप पडले म्हणजे ती खिचडी नेहमीच्या वरणभाकरीपेक्षा जड होते.

तेव्हा कपात करावयाची ती भाकरी, भात, साखर व फोडणीचे तेल यांत. डाळ, उसळ, ताक, पालेभाजी यांत नव्हे. तृणधान्यांत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळींतून मिळतो. डाळींतील उणीव तृणधान्ये भरून काढतात. म्हणून ज्वारीची भाकरी व मटकीची उसळ ही जोडी उत्तम होय. रब्बीची मळणी आटोपल्यापासून पेरणीपर्यंतच्या सैल दिवसांत रोजच्या जेवणातून एक-दोन भाकरी कमी कराव्यात, चहाची साखर निम्म्यावर आणावी, आणि कामाचे दिवस आले म्हणजे भाकरी पुन्हा वाढवावी. फोडणीचे तेल बुधल्यातून न ओतता चमच्याने मोजून घ्यावे. १० ग्रॅम तेल म्हणजे ९० उष्मांक. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, शिंप्याच्या फितीने मोजावा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांहून अधिक भरल्यास, अंगकाठी कशीही असो, रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. तीस वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात विनामूल्य केली जाते.