इंजिन बदललं, काटा झोपला

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणं ही आपल्या गॅरेजांतली जुनी रीत. जालन्यात इंजिन बसतं, गाडी सुरू होते, अंबडपर्यंत फेरीही होते. पण डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा हलत नाही, नाहीतर सरळ लाल पट्ट्यात जाऊन बसतो. मग सुरू होतात तर्क. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज : काटा हलत नाही, म्हणजे मीटर गेलं.
वस्तुस्थिती : विजेवर चालणाऱ्या मीटरला उष्णता कळत नाही, त्याला फक्त सेन्सरमधला विद्युतरोध कळतो. पाणी तापतं तसा हा रोध कमी होतो आणि काटा वर चढतो. बहुतेक जुन्या, एका वायरच्या मीटरची परीक्षा सोपी आहे. चावी चालू करून सेन्सरची वायर काढा आणि तिचं टोक क्षणभर इंजिनाच्या धातूला लावा. काटा टोकाला गेला, तर मीटर आणि वायर ठीक. दोष सेन्सरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजिनांच्या दोन पिनांच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नये.

गैरसमज : आटे जुळले की कोणताही सेन्सर चालतो.
वस्तुस्थिती : मीटर आणि सेन्सर ही जोडी असते. नव्या इंजिनाचा सेन्सर वेगळ्या रोधाचा असेल, तर इंजिन 80 अंशांवर असताना काटा 110 दाखवू शकतो, किंवा उलट. काही इंजिनांवर तर सेन्सर नसतोच. असतो तो फक्त धोक्याचा दिवा लावणारा स्विच. त्याला मीटर जोडलं, तर काटा एक तर तळाला नाहीतर टोकाला. उपाय दोनच : जुन्या मीटरचा सेन्सर नव्या इंजिनात बसवा, आटे वेगळे असतील तर मध्ये अडॅप्टर घाला, नाहीतर सेन्सरसकट नवं मीटर घ्या.

गैरसमज : बॅटरीला अर्थ आहे, म्हणजे इंजिनालाही आहे.
वस्तुस्थिती : इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. बदलताना चासीशी जोडणारी अर्थची पट्टी राहून गेली, की एका वायरच्या सेन्सरचा परतीचा रस्ता बिघडतो. सेन्सरवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे दिले, तरी तेच होऊ शकतं.

गैरसमज : ट्रॅक्टरच्या मीटरची तांब्याची नळी लांब झाली, तर कापून जोडावी.
वस्तुस्थिती : ती वायर नव्हे. तिच्यात दाब पोचवणारा द्रव किंवा वायू सीलबंद असतो. कापली की मीटर संपलं. उरलेल्या नळीचं सैल वेटोळं करून बांधावं.

गैरसमज : काटा खाली, म्हणजे इंजिन थंड.
वस्तुस्थिती : हा समज सर्वांत महाग पडतो. पाणी गळून सेन्सर उघडा पडला, की तो पाण्याचं नव्हे, हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगतो. आत हेड गॅस्केट जळत असतं आणि काटा खाली उतरलेला असतो. चालत्या गाडीत काटा अचानक पडला, तर इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.

गैरसमज : उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकलेला बरा.
वस्तुस्थिती : बऱ्याच इंजिनांत तो 82 अंशांच्या आसपास उघडू लागतो. तो काढला की इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचतं, डिझेल जास्त जळतं. काटा खाली राहतो खरा, पण रेडिएटर चोंदला असेल तर तो दोष तसाच राहतो.

गैरसमज : उकळतं पाणी म्हणजे नेमके 100 अंश.
वस्तुस्थिती : जालना समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच आहे, इथं पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळतं. नव्या जोडीची खात्री करायची तर सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरा, त्याच्या अंगाला अर्थची वायर जोडा आणि काटा स्थिरावेल तिथं काचेवर बारीक खूण करा.

गैरसमज : काटा चालला, काम संपलं.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवण्यासारख्या बदलाची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. काचेवरची खूण ड्रायव्हरसाठी. नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकातही चढायला हवा.