सत्तावीस आणि इप्पत्तेळु

पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापला जाणारा क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांचा तो चौकोन, १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवला. कारखान्यातून वर्गात येण्याच्या त्याच्या प्रवासाशी सोलापूर जिल्ह्यातील, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे नाव जोडले गेले आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रुजू झालेले रणजितसिंह डिसले, २०१७ मध्ये राज्याने आणि २०१८ मध्ये केंद्राने पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारलेला हा चौकोन, ३ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालेला दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार आणि त्यातील निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांना देण्याचा निर्णय, हा सारा क्रम सर्वश्रुत आहे.

सत्कारांच्या गर्दीत मागे पडलेली बाब अशी, की परितेवाडीच्या मुलांची घरची भाषा कन्नड असल्यामुळे डिसले आधी कन्नड शिकले, त्यांनी पाठ्यपुस्तकातील मजकूर त्या भाषेत आणला आणि त्याला चौकोनाची जोड दिली. चौकोनात बहुधा धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. त्या पत्त्यावरचा आवाज कोणत्या भाषेत बोलतो, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. कवितेच्या बाबतीत हे सहज पटते. गणिताला मात्र भाषा नसते, असा एक समज शिक्षकांतही रूढ आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

मराठीत २७ या संख्येचा उच्चार ‘सत्तावीस’ असा होतो, म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर. कन्नडमध्ये तीच संख्या ‘इप्पत्तेळु’, म्हणजे ‘इप्पत्तु’ (वीस) आणि ‘एळु’ (सात), अशी लिहिण्याच्याच क्रमाने उच्चारली जाते. पहिली-दुसरीत ७२ आणि २७ यांची अदलाबदल होते ती याच फटीतून. वरच्या वर्गात ही अडचण विरून जाते असे मानले जाते, परंतु २७,६४,५३८ ही संख्या शिक्षकाने तोंडी सांगितली, तर ‘सत्तावीस लाख चौसष्ट हजार पाचशे अडतीस’ ऐकणाऱ्या मुलाला तीन ठिकाणी क्रम उलटवून लिहावे लागते, कारण लाख आणि हजार यांचे आपले गट दोन-दोन अंकांचे आहेत. कन्नडमध्ये ती डावीकडून उजवीकडे सरळ उतरते. सोलापूर शहरातील विणकर पद्मशाली घरांतल्या तेलुगूतही ‘इरवै एडु’ म्हणजे वीस-सातच.

या पार्श्वभूमीवर २०१९ चा वाद पुन्हा पाहण्याजोगा ठरतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी दशक आधी सांगणारी वाचनपद्धती आली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण पुढे ठेवली, परंतु चर्चा लगेच मराठीच्या अस्मितेवर गेली आणि विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’वर कोट्या झाल्या. कोट्या चांगल्या होत्या. मुद्दा मात्र त्याखाली दबला. ज्या जिल्ह्यात एकाच बाकावर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुले बसू शकतात, तेथे हा प्रश्न अस्मितेचा नसून श्रुतलेखनाचा आहे.

रूढ संख्यानामे मोडीत काढण्याचे कारण नाही, कारण बाजारात आणि घरात तीच चालणार. छापील पानाला जे साधत नाही, ते चौकोनापलीकडच्या ध्वनिचित्रफितीला साधू शकते: ‘सत्तावीस’ ऐकू येताना पडद्यावर आधी ७ उजळावा, मग २, ‘इप्पत्तेळु’ ऐकू येताना आधी २, मग ७, म्हणजे दोन भाषांतील क्रमाचा फरक सहावीच्या मुलाला स्थानिक किमतीचा, म्हणजे जागेनुसार अंकाला येणाऱ्या मूल्याचा, पाठ म्हणून पाहता येईल. अशी फीत करणाऱ्याची पंचाईत २९ वर होईल. कन्नडच्या ‘इप्पत्तोंबत्तु’त वीसही आहे आणि नऊही, मराठीच्या ‘एकोणतीस’मध्ये २ चा उच्चार नाही आणि ९ चाही नाही, म्हणून तेथे अंक उजळवून भागणार नाही, आधी ३० दाखवून त्यातून १ वजा करावा लागेल.