मेहरूणचे हिवाळी पाहुणे

वहीपूजन आटोपते, चातुर्मास संपून साधुसाध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि त्याच सुमारास खानदेशच्या जलाशयांवर दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. धोबी पक्षी तर सप्टेंबरातच येऊन काठावर शेपटी हलवीत हिंडू लागतो. बदके त्याच्या मागून येतात. जळगावचा मेहरूण तलाव आणि धुळ्याचा नकाणे तलाव घराजवळचे. सर्वांत समृद्ध मात्र तापी-पूर्णेच्या संगमालगतचा हतनूर जलाशय. या ४१ दरवाजांच्या धरणाचा परिसर पक्ष्यांसाठी महत्त्वाचे क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंदलेला आहे. लडाख-तिबेटच्या बाजूला घरटी करणारा नारिंगी चक्रवाक तेथे हिवाळा काढतो.

तलावाकाठी सकाळी फिरताना पाण्यात पाव, शेव किंवा मुरमुरे टाकणारे हात पुष्कळ दिसतात. भाव दयेचाच असतो. परंतु थापट्या बदकाची चोच एकदा दुर्बिणीतून पाहावी. पळीसारख्या पसरट त्या चोचीच्या कडांना बारीक दाते असतात; उथळ पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव आणि बिया तो टिपतो. पाव त्याच्या कामाचा नाही. न खाल्लेला पाव कुजतो आणि ज्या पाण्यावर त्याचे पोट चालते तेच पाणी बिघडवतो.

येथे कोणी फलोदीजवळच्या खीचनचा दाखला देईल, आणि तो योग्यच आहे. आपल्यातील कित्येक घरांची मुळे त्याच मारवाडात आहेत. तेथील जैन कुटुंबांच्या पुढाकाराने चुग्गाघर उभे राहिले, हजारो कुरजा दर हिवाळ्यात तेथे दाणे टिपतात, आणि २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण कुरजा हा मुळातच शेतात उतरून धान्य खाणारा पक्षी. खीचनकरांनी पाहुणा ओळखून पान वाढले.

मेहरूणच्या पाहुण्याला हवा असतो उथळ, चिखलाचा, गवताळ काठ आणि शांतता. दगडी भिंतीने काठ बांधला की शोभा वाढते, पण पाण्यात चोच घालायची जागा जाते. फटाक्यांनी थवा वारंवार उडाला, तर लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी व्यर्थ खर्ची पडते. तलावाच्या सुशोभीकरणास देणगी देणाऱ्यांनी निदान एक बाजू मातीची राखण्याची अट घालावी, असे मला वाटते.

पाहायला जाताना सूर्य पाठीशी राहील असा पूर्वेचा काठ धरावा, फिके कपडे घालावेत, मुलांना बरोबर न्यावे. सूर्योदयानंतरचा तासभर पुरतो. दुकानाचे शटर वेळेवर उघडता येते.