‘तू काय, घरीच तर असतेस!’

दुपारचे अडीच वाजलेले. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, पुण्याच्या ऑफिसशी मीटिंग सुरू. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू. ‘‘अगं, आमचा सिलिंडर यायचाय, तेवढा घेऊन ठेव. मी भिशीला जाऊन येते. तू काय, घरीच तर असतेस!’’

कराडसारख्या गावात घरी बसून भाषांतराचं काम करायला लागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. पण काकूंचा राग येत नाही. कारण सुरुवातीला माझाही तसाच समज होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द घराघरांत पोचला. खरं तर घरून काम आपल्या बायकांना कुठे नवीन आहे? १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’चे पापड सुरू केले. भिजवलेलं पीठ घरी न्यायचं आणि पापड लाटून आणून द्यायचे, अशी ती पद्धत. सोलापुरात पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या बायका तर पिढ्यान् पिढ्या आहेत. आता पोळपाटाच्या जागी लॅपटॉप आला, एवढंच. गैरसमज मात्र तसेच राहिले. त्यात नव्यांची भर पडली.

मूल सांभाळून काम होतं?

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. ती झोपली की काम करायचं, असा माझा साधा हिशेब. पण लेकरू काही आपल्या हिशेबानं झोपत नाही! एकदा औषधाचं माहितीपत्रक सोमवारी सकाळी द्यायचं होतं आणि रविवारी रात्री तिला ताप भरला. एका हातानं कपाळावर पट्ट्या, दुसऱ्या हातानं टायपिंग. त्या घाईत डोसाचा आकडा चुकला. ०.५ चं ५ झालं. तपासणाऱ्या बाईंच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. पुढचे दोन महिने मला काम मिळालं नाही. तक्रार तरी कुणाकडे करणार? चूक माझीच होती.

मग ठरवलं, मुलीला रोज चार तास पाळणाघरात ठेवायचं. घरात वादळ उठलं. ‘‘आई घरात असताना पोर पाळणाघरात? लोक काय म्हणतील?’’ सासूबाईंचा सवाल. त्यांचे गुडघे दुखायचे, पळत्या नातीमागे धावणं त्यांना जमत नव्हतं, पण मन मानत नव्हतं. पहिल्या दिवशी मीही रिक्षात रडले. पण चार तासांत काम उरकायला लागलं आणि घरी आणल्यावर मी पूर्णपणे तिची असायचे. लक्ष अर्धं इथे, अर्धं तिथे हे थांबलं.

घरी आहे म्हणजे वेळच वेळ?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकामात सहभागी असलेल्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास आधीच गेलेले. त्यात घरून काम म्हटलं की जाता-येता कपडे वाळत घालणं, पाहुण्यांचा चहा हे आपसूक आपल्याच गळ्यात पडतं. परदेशातलं काम असेल तर आणखी पंचाईत. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ!

घरी बसून माणूस आळशी होतो?

२०१० मध्ये चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये याचा प्रयोग सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम त्यात होते. घरून बसणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण त्याची दुसरी बाजूही ऐका. कामाच्या मानानं त्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. जो समोर दिसत नाही, तो साहेबाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून दर आठवड्याला ‘हे हे काम केलं’ असं चार ओळीत कळवत जा. त्याला बढाई म्हणत नाहीत.

लॅपटॉप घेतला की गोव्याला?

फोटोत छान दिसतं, समोर समुद्र, मांडीवर लॅपटॉप. प्रत्यक्षात उन्हात स्क्रीन दिसत नाही, वाळू आत जाते आणि नेट गेलं की सगळंच गेलं. या भटक्या कामकऱ्यांसाठी २०२० मध्ये बार्बाडोस, इस्टोनिया अशा देशांनी खास व्हिसा काढले. पण बार्बाडोसची अट होती वर्षाला किमान ५० हजार डॉलर मिळकतीची! शिवाय पर्यटक म्हणून जाऊन तिथे काम करायला पुष्कळ देशांत परवानगी नसते. म्हणजे मनात आलं आणि निघाले, असं ते नाही.

घरबसल्या कुणीही कमावतं?

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. ‘घरबसल्या टायपिंग करा, महिना तीस हजार मिळवा, फक्त नोंदणीचे दोन हजार भरा.’ असे मेसेज तुम्हालाही येत असतील. एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. खरं काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पहिल्यांदा दोन-पाचशे रुपये देऊन विश्वास बसवणारेही असतात, सावध राहा. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

आणि बाळंतपणानंतर घरून काम मिळणं हा हक्कच आहे, असंही काही जणींना वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात तशी सोय आली खरी, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं जमलं तरच. तेव्हा रजेवर जाण्याआधीच बोलून, लिहून घ्या.

तर, त्या दिवशी काकूंना मी दारातच म्हटलं, ‘‘काकू, चार वाजेपर्यंत मी कामावर आहे.’’ त्या जरा फुरंगटून गेल्या. मलाही चुटपुट लागली.

परवा पुन्हा बेल वाजली. मी उठणार, एवढ्यात सासूबाई गुडघा धरत दारापर्यंत गेल्या. मला आतून ऐकू आलं, ‘‘सूनबाई कामावर गेलीय. चारला येईल.’’

मी दहा फुटांवर, भिंतीपलीकडे बसले होते.